उद्या बर्फ देतात

सिन्योरा एल्विरा पहिल्या दिवशी शोरूममध्ये येऊन बसल्या आणि त्यांनी विद्युल्लताला विचारलं, "के तेंपो फा?"

विद्युल्लताला इटालियनचं अक्षरही येत नव्हतं. तेंपो म्हणजे टाइम असणार, असं धरून तिने मनगटावरचं घड्याळ त्यांच्यापुढे केलं. सिन्योरा हसता हसता ठसकल्या. मग त्यांनी काचेबाहेर, शेख झायेद रोडवरच्या आकाशाकडे बोट दाखवलं, बोटं हलवून पाऊस पाडून दाखवला, अंगावर काटा आल्याचं नाटक केलं. त्या हवा कशी आहे ते विचारत होत्या.

"सनी," विद्युल्लता म्हणाली.

"सोले," त्यांनी दुरुस्त केलं. "चे इल सोले."

दुबईत जिकडेतिकडे क्रेन उभ्या होत्या, त्या वर्षांतली ही गोष्ट. कंपनी इटालियन संगमरवराची होती. मालक ओरेस्ते व्हेरोनाजवळच्या एका गावचा. पांढरा कडक शर्ट, सगळ्यांशी हसून बोलणारा माणूस. विद्युल्लता त्याच्याकडे ऑफिस कोऑर्डिनेटर. कंटेनर, कस्टम्स, क्लायंट, सगळ्यांचे फोन तिच्याच टेबलावर यायचे. ती पुण्याची. नवरा सिद्धार्थ एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर, मुलगी पर्णिका शाळेत, आणि घर शारजात अल नहदाच्या एका टॉवरमध्ये.

सिन्योरा एल्विरा ओरेस्तेची आई. थंडीत गुडघे धरतात म्हणून तो त्यांना हिवाळ्यापुरतं दुबईला आणायचा. सून दिवसभर बाहेर, नाती शाळेत. मग ड्रायव्हर अलीमियाँ त्यांना सकाळी शोरूमवर सोडायचा आणि जेवायच्या वेळी घरी न्यायचा. मधला सगळा वेळ त्या विद्युल्लताच्या टेबलासमोरच्या खुर्चीत. रात्री घरी डिशवर इटालियन चॅनेल लावून त्या हवामानाचा अंदाज बघायच्या, आणि सकाळी विद्युल्लताला त्यांच्या गावचा सगळा वृत्तांत ऐकावा लागायचा.

"दोमानी दान्नो पियोज्जा," त्या सांगायच्या.

दोमानी म्हणजे उद्या, पियोज्जा म्हणजे पाऊस, एवढं तिला लवकर कळलं. पण दान्नो? डिक्शनरीत 'देतात' असं निघालं. उद्या पाऊस देतात. कोण देतात? तिने हातवारे करून विचारलं, तेव्हा सिन्योरांनी गळ्याला टाय असल्याची आणि हातात काठी असल्याची नक्कल केली. टीव्हीवरचा तो माणूस! तो देतो पाऊस.

हे घरी सांगितल्यावर सिद्धार्थ म्हणाला, "मग आपल्याला काय देतात?"

"ऊन. सेम्प्रे सोले. कायम ऊन."

"दॅट्स सो बोअरिंग," पर्णिका हातातल्या व्हिडिओ गेमवरून मान वर न करता म्हणाली.

दोन हिवाळे असे गेले. विद्युल्लताला भाजीवाल्याकडे उभं केलं असतं तर तिला इटालियनमध्ये एक टोमॅटो मागता आला नसता. पण धुकं किती दाट आहे, बर्फ टिकणार की विरघळणार, अशा हवेला साधं जॅकेट पुरेल की जाड काप्पोत्तो घालावा लागेल, यावर ती बोलू शकत होती. तिसऱ्या वर्षी सिन्योरा गावी पडल्या आणि कंबरेचं हाड मोडलं. दुबईला येणं बंद झालं. तेव्हापासून त्या आठवड्यातून एकदा फोन करायला लागल्या, कधी शोरूमवर, कधी विद्युल्लताच्या मोबाइलवर. मुलाला फोन द्यायला सांगायच्याच असं नाही. तिकडची हवा सांगायची, इकडची विचारायची, दोन्ही नातींना उन्हात फार फिरू देऊ नका म्हणायचं, झालं. विद्युल्लताला त्या फोनची सवय झाली होती. तिची स्वतःची आई ती कॉलेजात असतानाच गेली होती.

२००८चा दिवाळीचा महिना उजाडला आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द आला, होल्ड. अमुक टॉवर होल्डवर, तमुक व्हिला होल्डवर. रास अल खोरच्या गोदामात संगमरवराच्या लाद्या जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. शोरूममध्ये दिवसदिवस कोणी फिरकेना. सिद्धार्थचा प्रोजेक्ट होल्डवर गेला, मग त्याला लाँग लीव्हवर पाठवलं, आणि डिसेंबरात खलास, नोकरीच गेली. रोज कोणी ना कोणी सांगायचं की अमक्याने एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये गाडी तशीच सोडली, चावी आतच, आणि गेला. बँकेचा चेक परत गेला की सरळ जेल, म्हणून लोक असे पळत होते.

ओरेस्तेने नाताळच्या आधी सगळ्या स्टाफला बोलावलं. केक वाटले. म्हणाला, "पळणारे पळू देत. मी इथेच आहे. यू आर माय फॅमिली."

गोदाम सांभाळणारा अंबादास मागे उभा होता. सोलापूरचा, पन्नाशीला आलेला, अजमानला चौघांत एक खोली करून राहणारा. त्याच्या मुलीचं, शोभनाचं, लग्न फेब्रुवारीत ठरलं होतं. ओरेस्ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मी तुझ्या मुलीच्या लग्नाला येणार." अंबादासचे डोळे भरून आले.

एकच गोष्ट विद्युल्लताला टोचत होती. सगळ्या स्टाफचे पासपोर्ट ओरेस्तेच्या केबिनमधल्या सेफमध्ये होते. नियमात ते बसत नव्हतं, पण तेव्हा कितीतरी कंपन्यांत असंच चालायचं. सिद्धार्थची नोकरी गेल्यावर कधीही पुण्याला निघावं लागेल म्हणून तिने आपला मागितला.

"संडे," ओरेस्ते म्हणाला. "इन्शाल्ला."

तो रविवार गेला, पुढचाही गेला.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, बुधवारी सकाळी शोरूमचा फोन वाजला.

"प्रोंतो? विद्या?" सिन्योरा. त्यांना तिचं अख्खं नाव कधी जमलं नाही. "विद्या, दोमानी दान्नो नेव्हे. ताँता, ताँता नेव्हे."

उद्या बर्फ देतात, खूप बर्फ. विद्युल्लताने पेन खाली ठेवलं आणि सवयीने विचारलं, थंडी आहे का? वारा?

वारा नाही, पण विमानाची काळजी वाटते, सिन्योरा म्हणाल्या. एवढ्या बर्फात विमान उतरेल ना? आणि मुलींकडे जाड कपडे कुठे आहेत? दुबईत काय घेणार जाड कपडे! म्हणून मी माळ्यावरून काप्पोत्ती काढून ठेवले. त्यांच्या आत्याच्या लहानपणीचे आहेत, पण लोकर चांगली आहे.

विद्युल्लताला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. "कोणाचं विमान, सिन्योरा?"

"ओरेस्तेचं! सगळ्यांचं. दोमानी. तुला सांगितलं नाही त्याने?"

केबिनच्या काचेपलीकडे ओरेस्ते मोबाइलवर कोणाशी तरी हसत बोलत होता. तासाभरापूर्वीच त्याने तिला सांगितलं होतं, उद्या मी अबू धाबीला मीटिंगला आहे, फोन आले तर रविवारवर टाक.

"सुट्टीला येताहेत?" असं तिला विचारायचं होतं. सुट्टीचा शब्द येत नव्हता. तिला ऋतू येत होते. तिने विचारलं, "वसंतापर्यंत?"

"नो, नो," सिन्योरा आनंदाने म्हणाल्या. "पेर सेम्प्रे!"

सेम्प्रे. कायमचं.

पुढे सिन्योरा किती वेळ बोलत होत्या, मध्येच "विद्या? विद्या?" म्हणाल्या, आणि मग फोन कसा बंद झाला, हे तिला नंतर आठवेना. समोरच्या भिंतीवर संगमरवराचे नमुने ओळीने लावलेले होते, त्यांच्याकडे ती बघत राहिली. माणूस रोज सकाळी तोंडभर गुड मॉर्निंग म्हणतो, मुलीच्या लग्नाला येतो म्हणतो, आणि त्याच वेळी त्याच्या घरी बॅगा भरून तयार असतात!

ती पँट्रीत गेली आणि सिद्धार्थला फोन लावला. "मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक," म्हणत तिने सगळं सांगितलं.

सिद्धार्थने विचारलं, "तुला नक्की कळलं ना? विद्युत, तुला इटालियन येतं कितीसं?"

"हवामानापुरतं."

"मग?"

"ती हवामानच सांगत होती रे."

शोरूमच्या दारात अलीमियाँ गाडी पुसत होता. विद्युल्लता बाहेर गेली आणि सहज विचारावं तसं म्हणाली, "अलीमियाँ, कल साहब के साथ अबू धाबी जाना है क्या?"

"नहीं मॅडम, कल तो मेरेको छुट्टी दिया." त्याने फडकं पिळलं. "बच्चियों के सायकल भी मेरेको दे दिये, बोले तुम्हारे बच्चों के लिए भेजो. मेमसाब का कुत्ता भी परसों किसी को दे दिया. क्यों, क्या हुआ?"

तिने त्याला सांगितलं. त्याच्या हातातलं फडकं गळून पडलं. तो बॉनेटला टेकून उभा राहिला आणि "या अल्ला, मेरा पासपोर्ट" एवढंच म्हणाला.

अंबादासला तिने गोदामातून बोलावून घेतलं. तो टॅक्सी करून आला, बुटांवर दगडाची भुकटी तशीच. आधी त्याचा विश्वास बसेना. "मॅडम, काल दुपारी साहेबांनी माझ्याबरोबर चहा घेतला. लग्नात फेटा बांधणार का म्हणून विचारत होते." मग कुत्र्याचं ऐकलं आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला. "पोलिसांत जाऊ या. आत्ताच्या आत्ता."

"पोलीस त्याला नेतील, ऑफिसला सील लावतील," विद्युल्लता म्हणाली. "सेफ आत राहील. मग आपले पासपोर्ट कधी मिळणार? लग्न कधी आहे तुमच्याकडे?"

अंबादासने पुन्हा पोलिसांचं नाव काढलं नाही.

ती दार न वाजवता केबिनमध्ये गेली. अंबादास आणि अलीमियाँ काचेबाहेर थांबले.

"ओरेस्ते, मला पासपोर्ट हवेत. सगळ्यांचे."

त्याने हसून हात पसरले. "विद्या, संडे म्हणालो ना? चावी बँकेत आहे. तू उगीच टेन्शन घेतेस."

ती इंग्रजीत आणखी काही बोलली असती तर त्याने तितक्याच गोड शब्दांत तिला परत पाठवलं असतं. ती त्याच्या डोळ्यांत बघत राहिली आणि म्हणाली, "दोमानी दान्नो नेव्हे, ओरेस्ते. अ व्हेरोना."

त्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्याच्या आतून सगळं निघून गेलं.

"फा फ्रेद्दो," ती म्हणाली. "पेर ले बांबिने, काप्पोत्ती." थंडी आहे. मुलींसाठी कोट.

"मम्मा," तो पुटपुटला आणि खुर्चीत बसला. "कोणाला सांगितलंस? पोलिसांना? विद्या, चेक परत गेलेत. मला धरलं तर मी वर्षानुवर्षं आत राहीन. माझ्या मुली आहेत."

"अंबादासलाही मुलगी आहे. तुम्ही तिच्या लग्नाला येणार होतात."

चावी बँकेत नव्हती, त्याच्या पँटच्या खिशात होती. त्याने सेफ उघडला. रबरबँड लावलेला पासपोर्टांचा गठ्ठा त्याने टेबलावर ठेवला, तेवढ्यात बाहेर तिच्या टेबलावरचा फोन वाजू लागला. अलीमियाँने उचलला आणि काचेतून खुणावलं, इटलीचा आहे.

विद्युल्लताने तो केबिनमध्ये जोडून घेतला. सिन्योरांचा आवाज बदलला होता. मी सांगायला नको होतं का, असं त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. तू गप्प का झालीस?

"इथे ऊन आहे, सिन्योरा," विद्युल्लता म्हणाली. तिला दुसरं काहीच सांगता येत नव्हतं. तिने रिसीव्हर ओरेस्तेच्या हातात दिला. तो आईशी बोलला. सगळं ठीक आहे, बर्फाचं काही नाही, विमानं उतरतात, असं काहीसं. बोलताना त्याने डोळ्यांवर हात धरला होता.

तिने पासपोर्ट उचलले. प्रत्येकाचा फोटो उघडून बघत तिने ते ज्याचे त्याला दिले. अंबादासने आपला शर्टाच्या आत, थेट छातीला लावून ठेवला.

ओरेस्ते दुसऱ्या दिवशी गेला. त्याने चावी शोरूमच्या दारालाच सोडली होती. रविवारी बँकेची माणसं आली, मग पोलीस आले, मग कुलूप आणि सील. पुढे कितीतरी दिवस लेबर ऑफिसात खेटे घालण्यात गेले. ज्याच्या हातात पासपोर्ट होता त्याचं काम पुढे सरकत होतं. शेजारच्या एका कंपनीतली माणसं पासपोर्टावाचून वर्षभर अडकलेली तिने तिथेच पाहिली. अंबादास हळदीच्या दिवशी सोलापूरला पोचला. विद्युल्लताला अल नहदातल्याच एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनचं काम मिळालं, आणि उन्हाळ्यात सिद्धार्थलाही अबू धाबीत नोकरी लागली. संसार तगला.

त्याच उन्हाळ्यात, एका शुक्रवारी दुपारी, तिच्या मोबाइलवर इटलीचा नंबर आला. तिने हरखून उचलला.

"सिन्योरा! के तेंपो..."

सिन्योरांनी तिला पुढे बोलू दिलं नाही. आवाज कोरडा होता, आणि एकही शब्द ओळखीचा नव्हता. मध्ये पासपोर्ट ऐकू आला, पोलीस ऐकू आलं. एक शब्द त्यांनी तीनदा-चारदा उच्चारला, 'रिकात्तो'. विद्युल्लता म्हणत राहिली, "सिन्योरा, इंग्लिश? ओरेस्ते आहे का तिथे? सिन्योरा, ऐका ना." फोन बंद झाला.

तिने कॉम्प्युटरवर तो शब्द शोधला. रिकात्तो म्हणजे धमकावून उकळणं. ब्लॅकमेल.

"मी?" ती सिद्धार्थला म्हणाली. "त्याने आईला सांगितलं की मी त्याला ब्लॅकमेल केलं? मी?"

"सोडून दे. पळपुटा माणूस, काहीतरी सांगणारच ना आईला."

"तो काहीही सांगू दे रे. तिने मानलं कसं?"

ती त्या दिवशी जेवली नाही. पर्णिका जवळ येऊन बसली. "आई, जस्ट कॉल हर बॅक अँड एक्सप्लेन."

"कसं एक्सप्लेन करू, बाळा? मला फक्त ऊन-पाऊस येतो."

आणि हे खरंच होतं. उद्या काय होणार हे ती सांगू शकत होती. काल काय झालं हे सांगायला तिच्याकडे एक क्रियापदही नव्हतं. सप्टेंबरात तिने करामामधल्या एका इन्स्टिट्यूटमध्ये इटालियनच्या क्लासला नाव घातलं. सिद्धार्थला हे खूळ वाटलं, पण क्लासच्या दिवशी पर्णिकाला तो सांभाळायचा. क्लासमधले बाकीचे लोक फिरायला जायचं म्हणून शिकत होते. विद्युल्लता भूतकाळ शिकत होती. मी मागितलं. त्याने लपवलं. मी कोणाला सांगितलं नाही. भांडी घासताना, बसमध्ये, क्लिनिकच्या काउंटरमागे ती वाक्यं जुळवायची.

पुढचं वर्ष अर्धं सरल्यावर तिने एका दुपारी फोन लावला. फोन सिन्योरांनीच उचलला.

"मी विद्युल्लता बोलते, दुबईहून," ती इटालियनमध्ये म्हणाली. "कृपा करून ठेवू नका. मी आता थोडं शिकले आहे. मला सगळं सांगू द्या."

तिने सांगितलं. चुका झाल्या, अडखळली, एक वाक्य तर परत पहिल्यापासून सुरू केलं. तुमच्या मुलाकडे आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट होते. तो न सांगता जाणार होता. मी फक्त ते मागितले. दुसरं काही मागितलं नाही. मी ठरवलं असतं तर पोलिसांना बोलावू शकले असते, पण मी बोलावलं नाही, आणि तो तुमच्याकडे पोचला.



"लो सापेव्हो," सिन्योरा म्हणाल्या.

मला माहीत होतं.

"काय?"

"तू त्या दिवशी फोनवर गप्प झालीस, तेव्हाच मला समजलं." सिन्योरा तिच्यासाठी हळूहळू, सुटं सुटं बोलत होत्या. "मग तो आला. सुनेने दोन दिवसांत मला सगळं सांगितलं. मला पहिल्यापासून माहीत होतं, विद्या."

"मग तो फोन? ते रिकात्तो?"

"तो माझ्यासमोर बसला होता. त्याला हवं होतं म्हणून मी फोन केला. गावात त्याने सगळ्यांना तेच सांगितलंय, की त्याच्या लोकांनी त्याला लुबाडलं. मी त्याच्या घरात राहते. मला चालता येत नाही. तोच मला उचलून बाथरूममध्ये नेतो."

वर्षभर जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही आता कामाचं नव्हतं. "तुम्ही गावाला खरं सांगा," ती शेवटी म्हणाली. "निदान एका माणसाला तरी."

"नाही," सिन्योरा म्हणाल्या. आवाज कठोर नव्हता. "ते मी करणार नाही. तू मला शिव्या दे हवं तर. आता तुला येत असतील."

तिला येत नव्हत्या. सिन्योरा म्हणाल्या, तू छान बोलतेस, आणि त्यांनीच फोन ठेवला.

सिद्धार्थ दारात उभा होता. "काय म्हणाली?"

"मला वाटलं होतं खरं कळलं की ती रडेल, माफी मागेल." विद्युल्लताने फोन टेबलावर पालथा ठेवला. "तिला सगळं ठाऊक होतं रे, सिद्धार्थ. मला शिव्या घालताना तिला सगळं ठाऊक होतं."

सिद्धार्थ तिच्याशेजारी येऊन बसला. पलीकडच्या खोलीत पर्णिका मैत्रिणीशी फोनवर इंग्रजीत काहीतरी सांगून खिदळत होती, आणि ती दोघं बराच वेळ ते ऐकत राहिली.